चारशे बारा ग्रॅम

बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
वाई, कोरेगाव, फलटण, म्हसवड,
आठवडी बाजारात पारड्याखाली चिकटवलेली चिंच
नखानं खरवडून काढली.
म्हणून पोरीनं बूट पाठवले तेव्हा
ते आधी पायात नाही घातले,
काट्यावर ठेवले.

डावा चारशे बारा.
उजवा चारशे अठरा.
सहा ग्रॅमची तफावत तिला फोनवर कळवली.
"आई, चालून बघ गं आधी."

मला हलक्याचा भरवसा नाही.
हलका माल, हलका कान,
आमच्या बोलीतच हा शब्द बदनाम.
वडिलांच्या वहाणांना खाली टायर, टाचेला नाल;
ते घरी आल्याचं
गल्लीच्या तोंडापासून कळायचं.
हे बूट कुणालाच काही कळवत नाहीत.

डब्यावर लिहिलं होतं, पाणी शिरत नाही.
लिहिलेलं मी कधीच मानलं नाही.
मोरीतल्या घमेल्यात दोन्ही पाय घालून
घड्याळ लावून वीस मिनिटं उभी राहिले.
मोजे कोरडे.
शेरा मारायला वही नव्हती,
तर दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर लिहिलं:
गळती नाही.

यवतेश्वरच्या घाटात पहिल्या दिवशी
पाय आहेत का, हे खाली बघून ठरवावं लागलं.
डावा गुडघा,
सात वर्षं माझ्या प्रत्येक वाक्यात मधेच बोलणारा,
तिसऱ्या वळणापर्यंत गप्प होता.
चौथ्यावर मीच त्याला हाक मारली.

मग वासोटा.
बामणोलीहून लाँच, पलीकडे चौकीवर
पिशवीतले प्लास्टिकचे कागद मोजून लिहून घेणारा पोरगा.
बरं वाटलं, कुणीतरी अजून मोजतंय.
वाटाड्या धोंडू उतेकर,
पायात बाजारातले प्लास्टिकचे बूट,
आणि बुटांना चाळणीसारखी भोकं.

ओढ्यात दगड निसटला
आणि मी पोटरीपर्यंत आत.
पाणी शिरलं, वरून, ऐटीत,
जसं पुढच्या दारानं शिरतात.
आणि मग जाईना.
एक थेंब आत न घेणारे बूट
एक थेंब बाहेर सोडेनात.
दर पावलाला आत एक तळं हलायचं.
किती भरले असतील तेव्हा?
काटा जवळ नव्हता, हीच एक चुटपुट.

उतेकरच्या भोकांतून पिचकाऱ्या उडत होत्या.
दहा पावलांत त्याचे बूट रिकामे.
"कंपनीनं पाडलीत भोकं?"
"कसली कंपनी? तापला खिळा.
पाणी येणारच की ताई.
त्याला जायला वाट नको?"

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर,
डाव्याचा तळ पुढून सुटला.
चालताना बूट जांभई द्यायचा.
पोवई नाक्यावर सातपुते बसतात,
त्यांनी तो उलटा केला, आत बोट घातलं,
दुसऱ्याच्या कारागिरीकडे बघावं तसं बघितलं.
"याला टाकाच नाही, बाई. सगळं चिकटवलेलं.
शिवतो, पण दोऱ्याच्या भोकातून पाणी शिरंल."
"शिरू द्या."
"मग महागाचे कशाला घेतले?"

मी गुडघ्याचं सांगत बसले.
ते मान हलवत टोचत राहिले.
मेण लावलेला दोरा, मी मोजले,
अडतीस टाके,
एकही सारखा नाही, एकही सैल नाही.

घरी आल्यावर काट्यावर ठेवला.
चारशे एकतीस.
दोरा, मेण, सोल्यूशन,
आणि खाचेत अडकलेली कुठल्याशा डोंगराची माती.
एकोणीस ग्रॅम वाढ.
खात्यात असते तर खुलासा मागवला असता.

काल पोरीचा फोन,
आता नवीन आलेत म्हणे, साडेतीनशेचे,
जुने टाकून दे.
टाकत नाही म्हटलं.
नवे पाठव.
काटा पुसून ठेवलाय.