नव्वद सेकंद

विक्रोळीला सातव्या मजल्यावर, खिडकीला खारफुटी,
पडद्यावरचं एकेक बटण
आम्ही फाईलीत उतरवत गेलो.
अडीच महिने.
कुठली पाइपलाइन कोणत्या सर्व्हरवर जाते,
मंजुरी कोणाची, चावी कुठल्या तिजोरीत.
चावी लिहायची नाही, फक्त तिजोरीचं नाव,
हे पहिल्याच आठवड्यात अंगाशी येऊन कळलं.

आधी हे सगळं तांडेल सांभाळायचे.
म्हणजे माऊसने.
रात्री दीडला फोन गेला की ते लॉग-इन करत,
कुठेतरी टिचकी मारत, "झालं, बघा" म्हणत,
आणि काय बदललं ते त्यांच्या डोक्यात,
नाहीतर कुठेच नाही.
मार्चमध्ये निरोपाचा केक कापला.
डोकं ते घेऊन गेले.

फाईलीत एक ओळ निघाली:
थांबा, नव्वद सेकंद.
चाचण्या संपल्यावर, प्रत्यक्ष सोडायच्या आधी.
दिवसातून अकरा-बारा वेळा
अख्खी कंपनी नव्वद सेकंद उभी राहते
आणि कशासाठी ते कोणी सांगत नाही.

ओळ कोणाची, गिटला विचारलं.
त्याने माझं नाव सांगितलं.
शाल्मली केणी, १९ जून, 'सुरुवातीची नोंद'.
चुकलं नाही त्याचं.
चार हजार दोनशे ओळी मी एका दमात आत टाकल्या,
त्या क्षणी सगळ्यांची आई मीच झाले.
त्याआधी, गिटच्या लेखी, जगच नव्हतं.

तांडेलांना फोन लावला.
ते ठाण्यात, नव्या कंपनीखाली पार्किंग शोधत होते.
"नव्वद? मी तर साठ ठेवले होते."
मग नुसता इंडिकेटरचा आवाज.
"की साठ आधी होते?"
मग त्यांना जागा मिळाली.

बाबा गोदीत वजनाची वही लिहायचे.
चुकलं तर खोडायचं नाही, ब्लेडने खरवडायचं तर नाहीच.
एक रेघ, खालचं वाचता येईल अशी,
बाजूला सही, तारीख.
दिवाळीत त्यांना माझं काम समजावलं.
म्हणाले, म्हणजे रेघ मारता तुम्ही.
मग बराच वेळ चहा ढवळत,
एवढ्याला इतका पगार?

मी शाखा काढली, ओळ उडवली, तपासायला पाठवली.
मुदस्सरने खाली एकच शब्द लिहिला: कारण?
मी लिहिलं, कारण सापडत नाही.
त्याने विचारलं,
हे काढायचं कारण झालं की ठेवायचं?

विनंती दोन दिवस तशीच उघडी.
गुरुवारी रात्री ओजसला घाई होती,
तो थेट पडद्यावर गेला, हाताने शून्य करून आला.
तीन मिनिटांनी यंत्राने फाईल पाहिली
आणि कोणाला काही न बोलता
नव्वद परत लावले.
"मी शून्य केलं होतं, शप्पथ."
पोरगं खोटं बोलत नव्हतं.
फक्त फाईलीत नव्हतं.

शुक्रवारी मी विनंती मिटवली.
ओळ राहू दिली, तिच्या डोक्यावर लिहिलं:
का ते माहीत नाही. तांडेलांनाही आठवत नाही.
काढायचं असेल तर दुपारी काढा, रात्री नको.
शा. के.
मुदस्सरने मंजुरी दिली.

हा बदल बाहेर पडायलाही
नव्वद सेकंद लागले.