अठरा पौंड

कंपूच्या मैदानावर, आठ महिन्यांनी.
माझं चाळीस पौंडांचं धनुष्य
घरी कपाटावर, दोरी उतरवून.
हातात भदौरियांच्या पलकचं, अठरा पौंडांचं,
मुठीला गुलाबी चिकटपट्टी.

छातीचं हाड तारेनं शिवलंय.
ओढताना ती कुरकुरते का, कान देते.
नाही.
फक्त पायातली शीर,
जिची बदली वर झालीय,
जरा बावरते.

पूर्वी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतून
बाण सुटायचा, माझ्याही नकळत.
आता ठोकेच मोजत बसते,
सोडायचं राहून जातं.

"चाची, साँस तो लो!"

बाण गवतात,
टार्गेटच्या बराच अलीकडे.
पलक धावते, तिला थांबवते.
मीच जाते आणायला, सव्वीस पावलं.
डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.