लोकेशन चालू ठेवा

बंगळुरात कायदा झाला त्या आठवड्यात
फोनमधलं टेबल करडं पडलं.
तुमच्या राज्यात हा खेळ उपलब्ध नाही.
खाली बारीक अक्षरात : आम्ही दिलगीर आहोत.
इतकं नम्रपणे आमच्याशी
कुठल्याच खिडकीमागून कधी कोण बोललं नव्हतं.

मग उद्यमबागेतली पाळी सुटली की
नखांत साच्याची काळी वाळू तशीच घेऊन
आम्ही तिघं, दोन गाड्या.
हिंडलग्याला जेलच्या भिंतीपाशी
इराप्पा उगाच गाडी हळू करायचा,
"बघून ठेव, बिनजामिनाची खोली."
सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरीच्या कचऱ्याचा वास,
बाची,
आणि डांबराचा रंग सोडून काहीच न बदलता
शिनोळी.

मोरीच्या कठड्यावर बसायचं.
स्क्रीनवर एक गोल फिरायचा, फिरायचा,
टेबल हिरवं व्हायचं.
इराप्पा नागनुरी, घर कन्नड, शाळा कन्नड,
पानं पडताना म्हणायचा,
"नऊ वाजेपर्यंत मी महाराष्ट्राचा."
भैरू पावशे हसायचा नाही.
त्याचे अकरा हजार गेले होते.

कोर्टात म्हणे वाद चाललेला :
पोकर कौशल्याचा की नशिबाचा.
मी साच्यात लोखंड ओततो.
वाळू किती दाबायची हे कौशल्य,
आत बुडबुडा राहिला तर नशीब.
पण बाचीच्या अलीकडं जन्मलो
यातलं काय कुठल्या खात्यात घालायचं,
ते कुठल्या वकिलानं विचारलं नाही.

एका शनिवारी बाबा म्हणाले, मीबी येतो.
वडगावात मागावर चाळीस वर्षं साड्या विणलेले पाय
गाडीच्या पायटेकूवर नीट बसेनात.
दर एक नोव्हेंबरला काळी फीत लावून फिरलेला माणूस
कठड्यावर माझ्या शेजारी.
"काय करूलास रे रोज हितं?"
फोन दाखवला.
"काय लिवलंय?"
इंग्रजीत होतं. सांगितलं :
तुम्ही महाराष्ट्रात आहात. खेळू शकता.
"परत वाच."
परत वाचलं.
"कुणी दिलं हे? कोर्टानं?"
कंपनीनं.
"कुठली कंपनी?"
बंगळूरची.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला,
समोरच्या गाड्यावर चहा सांगितला
आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

त्या रात्री माझ्याकडं राजांची जोडी होती.
शेवटच्या पानाला ह्या खेळात नदी म्हणतात.
नदी उलटली, किलवरची दुर्री,
समोरच्या अनोळख्याला हवी होती तीच.
अठराशे.
बाबांना सांगितलं नाही.

फेब्रुवारीत कोर्टानं कायदा मोडीत काढला.
आता खाटेवर पडल्यापडल्या टेबल हिरवं होतं.
इराप्पा म्हणतो, पेट्रोल वाचलं.
भैरूनं ॲप दोनदा काढून टाकलंय.

बाबा मात्र एखाद्या शनिवारी
दिवेलागणीला स्वेटर घालून दारात उभे.
"आज जायचं न्हाई काय, तिकडं?"
हितंच चालतंय आता, बाबा.
"होय काय," म्हणतात,
आणि स्वेटर न काढताच
माझ्या पानांत बघत बसतात.