पिवळ्या तलावाचं पाणी

हुफूफच्या पूर्वेला उमरानच्या खजुरबागा संपतात,
तिथून एक नाला वाळूत शिरतो
आणि वाळूतच त्याचा तलाव होतो.
असफर म्हणतात त्याला. पिवळा.
मी नाल्यावरचा पंपवाला. दोन फाटकं,
एक डिझेलचं इंजिन, एक वही.

बाप फोनवर पगार विचारत नाही.
"पानी कसा हाय गा?" इतकंच.
भंडाऱ्याकडचा ढिवर,
साठ वर्षं बोडीत कमरेएवढा उभा.

मी सांगतो, जानेवारीत तलाव फुगतो.
बागांची तहान कमी, उरलेलं सगळं इकडे,
पार बोरूच्या कमरेपर्यंत.
मासोरी पांगते. सकाळी गळ टाकून उपयोग नाही,
थंडीनं जबडा उघडत नाही तिचा.
दुपार कलल्यावर, उथळात, उन्हाच्या अंगाला
एखादी चिलापी ओढते, तीही आळसावून.
बाप हसतो. "आपल्या पुसातल्यावानी."

जुलैचं मी त्याला अर्धंच सांगतो.
काठ रोज चार पावलं मागे,
मागे मिठाची खपली.
पाणी रात्रीही कोमट.
पहाटे सगळी मासोरी माझ्या फाटकाखाली,
नव्या पाण्याच्या तोंडाशी,
ओठ वर काढून हवा चाटत.
चप. चप.
जाळं लागतच नाही, बादली पुरते.
बारिसालचा मोक्तार दोन पोती भरतो,
अर्धं पोतं मला देऊ करतो.
गेल्या साली घेतलं होतं.
चिखलाचा वास आठवडाभर खोलीतून गेला नाही.

यंदा मी इंजिन तासभर जास्त चालवलं.
फाटक अर्धंच उघडलं,
पाणी उंचावरून पडावं, फेसाळावं म्हणून.
ओठ एकेक करून खाली गेले.
मोक्तारनं शिवी दिली, रिकामं पोतं झटकलं.
डिझेल मी वहीत भलत्याच रकान्यात लिहिलं.

ऑगस्ट सरता सरता अबू जासिमनं
पहाटे दक्षिणेकडे बोट दाखवलं. सुहैल.
आता पाणी निवेल, म्हणाला.
मी बघत राहिलो. हा तर आमचा अगस्ती,
समुद्र पिऊन बसलेला म्हातारा.
तो दिसला की बाप
बोडीच्या पाण्यात हात घालून तळ बघायचा.

"पानी कसा हाय गा?"
"निवळतंय," म्हणालो. डिझेलचं बोललो नाही.
"मंग गराले कनिक नोको लावू आता.
गांडूर लाव."
वाळवंटात गांडूळ कुठून आणू,
हे विचारेपर्यंत बॅलन्स संपला.

खजुराच्या बुंध्याशी ओल असते.
उद्या अबू जासिमला विचारून
थोडं खणून बघतो.