डावीकडचं दार

दोन हिवाळे झाले, ऊब फक्त बाबांच्या बाजूला येते.
माझ्या जाळीतून उत्तर डकोटा आहे तशी आत घुसते,
उणे एकोणतीस, वर वारा.
मी हातमोज्यांनी स्टीअरिंग धरून कुडकुडते
आणि शेजारी बाबा घामाघूम,
एका हातानं कोटाची बटणं सोडवत.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डच्या पोटात
टक टक टक टक,
बारा-तेरा वेळा. मग गप्प.
लँबर्टनं कान लावून ऐकलं. म्हणाला,
मोटर ठणठणीत आहे, रोझीना.
हुकूम आला की बिचारी इमानानं फिरते.
दारच तुटलंय, दांड्यापाशी.
आणि हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

बाबा तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

गॅरेजवाल्यानं चौदाशे डॉलर सांगितले.
आख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, गॅस काढायचा, पाणी काढायचं,
कशासाठी, तर तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या फळीसाठी.
मी म्हटलं, बघते.
आणि शनिवारी शेडमध्ये, ग्लोव्ह बॉक्स उपटून,
पाय दाराबाहेर, डोकं पायदानावर,
उताणी पडून काळ्या पेटीला चौकोनी भोक पाडलं
लँबर्टच्या थरथरत्या पात्यानं.
तोंडात भुसा. जळक्या प्लास्टिकचा वास.

टॉर्च बाबांकडे. उलट्या बादलीवर बसून.
मी डावीकडे म्हटलं की उजेड छताला जायचा,
थांबा म्हटलं की माझ्या डोळ्यांत.
या माणसानं चाळीस वर्षं गुरांचे लिलाव पुकारले.
पंच्याण्णव, शहाण्णव, कोण देतं सत्त्याण्णव,
मागच्या बाकावर नाक खाजवणाऱ्यालाही
एक कालवड गळ्यात पडायची.
शब्द असे पळायचे की गुरंसुद्धा मान वर करून ऐकत.
आता एकच उरलाय. तोही इंग्रजी नाही,
त्यांच्या आजीच्या जर्मनमधला: नोय.
म्हणजे नाही.
कॉफी हवी? नोय, आणि हात कपाकडे.
झोपायचं? नोय, आणि डोळे मिटलेले.

पेटीत आधी उंदराचं घरटं लागलं,
सूर्यफुलाची टरफलं, चर्चची कुरतडलेली पत्रकं.
मग लांब पकडीनं
दाराचे तुकडे एकेक. तीन. मग चौथा.
दांड्याचा खळगा गुळगुळीत झालेला,
आत मोटरचा दात नुसता गरगरत राहिलेला,
दोन हिवाळे.

नवं दार अ‍ॅल्युमिनियमचं, पोलादी कण्याचं, पोस्टानं आलेलं.
ते बसता बसेना.
मी शिव्या दिल्या, मेकॅनिकला, कंपनीला,
आणि एकदा, उजेड हलला म्हणून, बाबांनाही.
मग उजेड हललाच नाही.
टॉर्च त्यांनी दातांत धरला होता,
आणि उजव्या हातानं भोकाची कड ताणून धरली होती.
खट्.
बसलं.

भोकावर चंदेरी पट्टी. हात पुसले. किल्ली.
टक नाही.
फक्त एक लांब, हलका, सरकण्याचा आवाज,
झोपलेल्यानं कूस बदलावी तसा.
आणि माझ्या बोटांवर ऊब.
मी रडले नाही, नाक तर थंडीनं आधीच वाहत होतं.

बाबा शेजारी येऊन बसले. बराच वेळ.
मग उजव्या हातानं त्यांनी डावा हात उचलला,
मांडीवर पडलेला, परक्याचा असावा तसा,
आणि मधल्या जाळीसमोर धरला.
बोटं उघडून दिली, एक एक करून.
मी त्या बोटांकडे पाहत राहिले.
पंखा तीनवर केला. मग चारवर.

लागते का ऊब, मी विचारलं.

नोय, ते म्हणाले,
आणि हात तिथेच धरून ठेवला,
चौकापर्यंत, लँबर्टच्या फाटकापर्यंत,
पार गावात पोचेपर्यंत.