उजव्या कानाची बाजू

तबस्सुमनं टेबलावर जहाज पसरलं.
कागदाचं, अकरा मजल्यांचं.
शेजारी काचेवर चहाच्या कपाचं ओलं वर्तुळ,
जालन्यात तेवढाच काय तो समुद्र.

तिच्या अब्बांच्या काळात इथं फक्त उमऱ्याची तिकिटं मिळायची.
आता भिंतीवर पांढरं जहाज, निळं पाणी,
आणि त्याखाली आम्ही दोघं, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.
कौतिकानं पिशवी मांडीवर घट्ट धरलेली,
गाडी आत्ताच सुटायलीय अशी.

"धूर नको," मी म्हणालो.
"आवाजपण नको. बाईला दमा आहे."

चाळीस वर्षं एका खोलीत
रोजचं एक बिडीबंडल संपवणारा माणूस
असं बोलतो तेव्हा
बायकोनं कुठं बघावं?
तिनं पोरीकडं बघितलं.
"लिही माय. धूर नको. ह्येच म्हणायलेत."

तबस्सुमनं लाल पेन काढला.
ही नको चाचा, हिच्या डोक्यावर नाचायचा हॉल.
ही नको, लिफ्ट.
ही स्वस्त आहे, पण खाली इंजिन.
मला हसू आलं. इंजिनाचं मला काय सांगते?
रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई
पायाजवळून सापासारखी सुटायची,
फोरमनच्या शिव्या आम्ही ओठांवरून वाचायचो.
डावा कान तिथंच ठेवून आलो.
फंडाचे पैसे मात्र मिळाले, सतरा वर्षांनी.
हे जहाज त्यातलंच.

कौतिकाला बाल्कनीची खोली आवडली होती.
खाली बघावं तिकडं पाणी,
नळाची वाट नाही, हंड्यांची रांग नाही.
पण शेजारच्या बाल्कनीत कुणी शिलगावली
तर वारा काय विचारून येतो?
फुली.
मग उरली मधल्या मजल्यावरची मधली खोली.
खिडकीला काच, पण उघडत नाही.
"म्हणजे समुद्राचा आवाज?"
"नाही येणार, चाची. कशाचाच नाही येणार."
कौतिका गप्प झाली.
बाहेरून सळयांचा ट्रक गेला, दुकानाचं दार थरथरलं.
"चालंल," ती म्हणाली. "दिसंल तर खरं."

खरं सांगायचं तर
मी तोवर दुसरंच काहीतरी बघत होतो.
नवव्या मजल्यावर, मागच्या अंगाला,
एक बारका चौकोन, त्यात जळती सिगारेट काढलेली.
ओढणाऱ्यांची जागा.
सोडून तीन वर्षं झाली, वर दोन महिने.
तरी अंगठा आपोआप कागदावर गेला.
आमची खोली ते तो चौकोन:
साडेचार अंगठे. शिवाय तीन जिने.

मशीनखालचं कापड सारावं
तसा कौतिकानं माझा अंगठा उचलून बाजूला ठेवला
आणि पोरीला विचारलं,
"आणखी लांबची नाही का गं?"

होती. पार पुढच्या टोकाला.
"पण तिथं हालतं, चाची."
"हालू दे."

शेवटचा रकाना राहिला.
पलंग जोडलेले की वेगळे?

आता हे पोरीला कसं सांगावं.
रात्री तीनच्या सुमाराला
कौतिकाच्या छातीत एक बारीक शिट्टी वाजते,
केटली तापण्याआधी वाजते तेवढीच.
मिलच्या भोंग्याला कधी वेळेवर उठलो नाही,
हिला उठतो.
दिवा न लावता पंप तिच्या हातात देतो.
त्यासाठी ती माझ्या उजवीकडं लागते.
डावीकडं झोपली तर माझ्यासाठी
सगळं जगच शांत खोली आहे.

"जोडलेले," मी म्हणालो. "आणि बाईची बाजू…"
"ते नाही टाकता येत चाचा, कॉम्प्युटरमध्ये रकानाच नाही."
"मग पेनानं लिही."

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.
नकाशावर, फुल्यांच्या गर्दीच्या बाहेर,
लाल शाईत लिहिलं:
चाची उजवीकडे.