हात वर

शाळेचे कप एकशे बारा. हिशेब माझ्याकडे.
बाप्तिस्मा असो, मयत असो,
ओस्मुनची होडी परतली नाही ती रात्र असो,
हेच कप. कडेला निळी रेघ,
सातांचे कान तुटलेले.

आज एकशे बाराही पुरले नाहीत.

बाहेर दुपारचे तीन आणि मिट्ट काळोख.
नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य जानेवारीत येतो;
तोवर बेटावर उजेड म्हणाल तर शाळेच्या खिडक्या.
होडीवाले त्यांच्यावरून धक्का ओळखतात.
यंत्रं आहेत म्हणा. तरी ओळखतात.

तळघरातल्या तलावात मंगळवारी मुलं, गुरुवारी म्हाताऱ्या.
नववीच्या वर्गात, संध्याकाळी,
मासळी कारखान्यातून तशीच येऊन, हाताला कॉडचा वास,
सनाईत आमची भाषा शिकली.
तिचा फिल्मोन आता दहावीत. वर्गात अकरा मुलं.
अकरा. घोडं तिथंच अडलं होतं.

नगरपालिकेची माणसं फेरीबोटीनं आली.
पडद्यावर आकडे: दर मुलामागे खर्च इतका,
छप्पर इतकं जुनं,
पलीकडच्या शाळेला वेळ इतकी मिनिटं.
वाऱ्यानं बोट सुटत नाही ते दिवस त्यात नव्हते.
कप तर नव्हतेच.

कुणी आवाज चढवला नाही. आमच्यात चढवत नाहीत.
तुरलाइव शिपाई चाव्यांचा जुडगा
वाजू नये म्हणून मुठीत आवळून बसला होता.

मग अध्यक्षांनी विचारलं, बंद करावी म्हणणारे कोण?
सिगब्यर्ननं हात वर केला.
आमचाच. याच शाळेचा, सत्त्याऐंशी साली दहावी, की नववी तेव्हाची,
गणितात कच्चा.
कोपर टेबलाला टेकलेलं, हात अर्धाच,
उत्तर येत नसताना करायचा तस्सा.

आणि मागच्या रांगेतून गुडलाउगबाई,
वय एक्क्याण्णव, कानानं अधू, नजर शाबूत,
सवयीनं म्हणाल्या,
"हं सिगब्यर्न, बोल. उभा राहून बोल."

कुणीतरी हसलं, मग थांबलं.
तो उभा राहिला.
पन्नाशीचा बाप्या, पालिकेचा बिल्ला छातीवर,
हात अजून वरच, कारण
खाली घे असं कुणी सांगितलं नव्हतं.

आत माझी किटली शिट्टी घालायला लागली.
धावत जाऊन बंद केली.
परत दारात आले तेव्हा माझ्या हातात
एकशे तेरावा कप होता, कुणाच्या तरी घरचा, फुलाफुलांचा,
आणि तो म्हणत होता,
"बाई, म्हणजे काय आहे ना, बाई..."